आखाजीला फिके रंग चालतील का? पेस्टलचा ट्रेंड आणि आपले खान्देशी कारागीर

तापीकन्या

नमस्कार मंडळी,

मी मूळची जळगावची, सध्या मुंबईत फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. या सत्रात प्रत्येकाला स्वतःचं छोटं कलेक्शन उभं करायचं असतं. मी विषय घेतलाय वसंत-उन्हाळ्याचे फिके रंग. कापड, रंगाई, शिलाई जमेल तितकी खान्देशातच करून घ्यायची आणि कपडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घालता येतील असे करायचे, असं ठरवलंय.

पेस्टलचं वारं आपल्याकडे कसं शिरलं ते आधी सांगते. रंगांचे प्रमाण-नमुने ठरवणाऱ्या पँटोन कंपनीने २०१६ सालचा रंग म्हणून फिकट गुलाबी आणि फिकट निळा असे दोन रंग एकदम जाहीर केले. २०१७ च्या डिसेंबरात अनुष्का शर्मा सब्यसाचीच्या फिकट गुलाबी लेहंग्यात बोहल्यावर चढली आणि नवरी म्हटली की लाल, हे मोठ्या शहरांत तरी सुटलं. २०२२ मध्ये आलिया भट्टने हस्तिदंती साडीत लग्न केलं. पँटोनचा २०२४ चा रंग पीच, २०२५ च्या वसंतात जिकडेतिकडे बटर यलो. हे रंग जळगावच्या शोकेसमध्ये यायला आता वर्षभरही लागत नाही.

पण युरोपातला वसंत फिका असतो, कारण तिथे थंडी सरते आणि सफरचंदाला, चेरीला फिकट फुलं येतात. आपल्या फाल्गुनात सातपुड्यात पळस पेटलेला असतो, काटेसावर लालभडक. ऋतूची नक्कल म्हणून पेस्टल घालायचं तर आपल्याकडे त्याला काही अर्थ नाही. मला ते रंग हवेत ते दुसऱ्या कारणासाठी. वैशाखात पारा ४४ च्या पुढे जातो, तेव्हा फिकट रंगाचं सुती कापड ऊन परतवतं आणि घाम शोषतं. आणि बाजारात पेस्टल म्हणून काय मिळतं? पॉलिस्टर जॉर्जेट. रंग गारव्याचा आणि अंगात भट्टी! मला हे मनापासून खटकतं.

दुसरी गोष्ट. मुंबईत ‘लोकल डिझायनर’ म्हटलं की बांद्र्याचा स्टुडिओ समोर येतो. माझ्या लेखी चोपड्यात गळ्याचे नवे नमुने काढणारी शिवणताईही डिझायनर आहे. तिला तसं म्हणत नाहीत आणि तसे पैसेही देत नाहीत.

तर विचारायचं असं: तुम्ही आखाजीला फिके रंग घालाल का? घरची मोठी माणसं काय म्हणतील? आणि तुमच्या गावात कोण काय चांगलं काम करतं? नाव-नंबर इथे टाकू नका, कामाबद्दल लिहा.

फुलेमार्केटवाला

ताई, कापडाच्या धंद्यात आमची ही दुसरी पिढी, म्हणून लिहितो. या रंगांना आमच्याकडे ‘इंग्लिश कलर’ म्हणतात. चालतात, पण कशाला ते ऐका. रिसेप्शनला चालतात, साखरपुड्याला चालतात, कॉलेजच्या मुलींच्या कुर्तीला तर जोरात चालतात. मुहूर्ताच्या साडीला अजूनही लाल, हिरवा, पिवळाच काढायला सांगतात.

दुकानदाराची अडचणही समजून घे. फिका माल हाताळला की मळतो. दहा बायकांनी घडी उलगडली की कडेला बोटांचे ठसे उमटतात, मग तो पीस पडत्या भावात काढावा लागतो. पडून राहिला तर घडीवर पिवळी रेघ धरते.

आणि सुरतेचा माल का येतो? भुसावळ-सुरत गाडी दारातून जाते. आज फोन केला की परवा गठ्ठा हजर, पैसे दोन-तीन महिन्यांनी दिले तरी चालतात. आपल्या गावची बाई वीस कुर्त्या आणते आणि रोख मागते. तिचं काही चूक नाही, तिलाही कापड रोखीनेच घ्यावं लागतं. पण दुकानदार कुठे झुकतो ते तूच ओळख. ही उधारी सुटल्याशिवाय लोकल माल कपाटात येणार नाही.

पारोळेकर

आईला धागा वाचून दाखवला. ती म्हणे, “आखाजीले असा फिक्का रंग कोन घालस व बहीन?” तिचं म्हणणं, माहेरी आलेली लेक उठून दिसली पाहिजे.

सावदेकर वहिनी

पारोळेकर, तुमच्या आईंचं मला पटतं, पण त्याला उपाय आहे. भाच्याच्या हळदीला मी फिकट पिस्ता रंगाची सुती साडी घेतली होती. सासूबाईंनी बघताच तोंड फिरवलं. पांढरट रंग सणाला नको, सवाशिणीने तर नकोच, ही त्यांच्या पिढीची ठाम समजूत. आमच्याकडे वाद घालायची पद्धत नाही. मी त्याच साडीला डाळिंबी काठ लावून घेतला, ब्लाउज डाळिंबी, हातात हिरवा चुडा. दुसऱ्या दिवशी त्याच चारचौघींत सांगत होत्या, सुनेची साडी बघा कशी थंड दिसते!

तापीकन्या, काठ गडद ठेव. आपल्या डोळ्याला काठ लागतो. अंग फिकं असलं तरी काठ आणि पदर ठसठशीत असला की कोणी नाव ठेवत नाही.

एरंडोलचा फोटोवाला

लग्नाचे फोटो काढतो, त्यावरून सांगतो. मे महिन्यात दुपारी बाराच्या उन्हात फिका लेहंगा म्हणजे कॅमेऱ्यात नुसता पांढरा डाग. त्यावर हजारोंचं भरतकाम असलं तरी एक टाका दिसत नाही. कलेक्शनचे फोटो सकाळी आठच्या आत घे, नाहीतर संध्याकाळी साडेसहानंतर. आणि ऊन बाजूने येऊ दे, समोरून नको. बाजूच्या उन्हात विणीची सावली पडते, मग फिकं कापड सपाट दिसत नाही.

जागा म्हणशील तर जुन्या वाड्याची पांढऱ्या मातीची भिंत घे. शेतात नको, मेमध्ये काळी माती उघडी असते, धूळ कपड्यावर बसते.

धडगावचा मास्तर

मी धडगाव भागात शिक्षक आहे, माणूस पावरा समाजाचा. होळीच्या आधी आमच्याकडे भोंगऱ्या बाजार भरतात. अख्खा सातपुडा खाली उतरतो. मुलींचे घोळके एकाच रंगाचं कापड घेऊन एकसारखे कपडे शिवतात. रंग कोणते? गर्द निळा, गुलाबी, हिरवा, जांभळा. त्यावर चांदीचे दागिने. डोंगरात दुरून माणूस ओळखू यावा असे हे रंग असतात. आमचा वसंत फिका नाही, तो तसा करूही नका.

बहिणीला विनंती आहे. तुझ्या शिक्षणाचं कौतुक आहे. पण शहरातली मुलं येतात, आमच्या दागिन्यांचे फोटो काढतात आणि सहा महिन्यांनी त्याची छापील नक्षी कुर्त्यावर दिसते, खाली ‘ट्रायबल प्रिंट’ असं लिहिलेलं. ज्या बाईच्या गळ्यातला फोटो होता तिला त्याचा पत्ता नसतो. तुला काम हवं असेल तर माणूस घे, नक्षी उचलू नको.

बिल्लोरी

मास्तरांना जोरदार अनुमोदन. आम्ही बंजारा, चाळीसगाव तालुक्यातला तांडा. माझी आजी फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) स्वतः भरायची: आरसे, कवड्या, लाल-पिवळा-हिरवा दोरा. आता तांड्यावर मागणी कसली येते? फिक्या कापडावर फिकाच दोरा, म्हणे ‘टोन ऑन टोन’ करून द्या. करून देतो, पोट आहे. पण आमचा टाका सगळा रंगाच्या विरोधावर उभा आहे. आरशाभोवतीचा टाका गडद नसेल तर आरसा डोळ्यात भरत नाही. शिवाय फिक्यावर फिका दोरा भरताना डोळे फुटतात, दिव्याखाली टाका दिसत नाही, वेळ दीडपट लागतो. आणि पैसे तेवढेच.

तापीकन्या, तुझं कापड फिकं असू दे. पण भरायला देशील तेव्हा दोऱ्याचा रंग भरणारीला निवडू दे.

तापीकन्या

मास्तर, बिल्लोरी, मनापासून आभार. तुम्ही सांगितलंत तेच करणार. पावरा नक्षी कलेक्शनमध्ये घेणार नाही. बंजारा भरतकाम करून घेतलं तर रंग भरणारीच्या पसंतीने, मजुरी तासावर, आणि कपड्याच्या पट्टीवर माझ्या नावाशेजारी तिच्या संमतीने तिचं नाव.

वहिनी, गडद काठ नोंदवून ठेवला. शेठ, उधारीचा मुद्दा आमच्या वर्गात कधीच कोणी काढला नाही. आम्ही रंग आणि रेषांवर तास-तास बोलतो, पण माल दुकानात पोहोचतो कसा यावर एकही तास होत नाही.

रंगारी

धुळ्यात राहतो, नैसर्गिक रंगाचं काम करतो. आता थोडं सविस्तर लिहितो, कारण पेस्टल म्हटलं की लोक पाकिटातला रंग कमी टाकतात आणि कापड मरगळलेलं निघतं.

सुती कापडावर झाडाचा रंग नुसता बसत नाही. आधी धुण्याच्या सोड्यात उकळून कापडातलं मेण आणि कांजी काढायची. मग हिरडा: किलोभर कापडाला दीड-दोनशे ग्रॅम पूड. त्यानंतर फिटकरी (तुरटी), शंभर ते दीडशे ग्रॅम. हे नीट झालं तरच पुढचं सगळं.

आता फिका रंग कसा येतो ते. मंजिष्ठाच्या (एका वेलीच्या लाल मुळांच्या) पहिल्या पाण्यात लालसर विटकरी निघतो. त्याच भांड्यातल्या उरलेल्या पाण्यात दुसरं कापड टाकलं की गुलाबी. तिसरं टाकलं की अबोली. खरी मऊ छटा या तिसऱ्या पाण्याची. पहिल्याच पाण्यात कमी मंजिष्ठा घालून ती येत नाही, डागाळते. म्हणजे गडद आणि फिकं हे एकाच भांड्यातले भाऊबंद. वहिनींनी सांगितलेला गडद काठ पहिल्या पाण्यातून काढ आणि अंग तिसऱ्या पाण्यातून. दोन्ही रंग आपोआप जुळतात.

डाळिंबाची साल पिवळसर देते. त्यात चिमूटभर हिराकस (लोखंडाचा क्षार) टाकला की शेवाळी राखाडी. पण हिराकस मोजून, जास्त झाला तर कापड कुजल्यासारखं फाटतं. निळीला फिटकरी लागत नाही, तिचं भांडं वेगळं, आंबवून तयार करावं लागतं. एकच पटकन बुडी दिली की आकाशी.

पळसाच्या फुलांचा पिवळा सुंदर येतो, चुन्याची निवळी घातली की केशरी होतो. होळीला आपण तेच करायचो. पण तो उन्हात टिकत नाही, आधीच सांगतो. हळदीचंही तसंच, उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते. ज्याला रोज वापरायचंय त्याला हळदीने रंगवलेलं कापड विकू नको.

भुसावळकर

आणि पाणी? आमच्या बोअरच्या पाण्यात पांढरा शर्ट महिन्याभरात कळकट होतो. साबणाला फेस नाही, बादलीला पांढरा थर. पेस्टल घेऊन करायचं काय?

रंगारी

बरोबर पकडलंत. जड पाण्यात साबणाचा साका होतो आणि तो कापडात बसतो, म्हणून फिका रंग मळकट दिसायला लागतो. रंगवताना मी शक्यतो साठवलेलं पावसाचं पाणी वापरतो, नाहीतर आरओचं. धुताना साबणाऐवजी रिठा, किंवा सौम्य लिक्विड. रिठ्याचा साका होत नाही. शेवटच्या पाण्यात थोडा व्हिनेगर चालतो, पण हिराकसाच्या रंगाला नको, तो बदलतो. वाळत घालायचं सावलीत, उलटं करून.

भुसावळकर

हे कपड्यासोबत छापून द्या. मराठीत द्या. इंग्रजीतली चित्रांची पट्टी आमच्या घरी कोणालाच कळत नाही.

कपाशीवाला

चोपड्याकडचा शेतकरी. कापूस आमचा, जिनिंग आमच्याकडे, गाठी बांधून बाहेर जातात आणि कापड होऊन परत येतात, ते आम्ही विकत घेतो. एके काळी जळगावात खान्देश मिल होती, अमळनेरात प्रताप मिल, चाळीसगाव-धुळ्यातही गिरण्या होत्या. सरकीपासून कापडापर्यंत सगळं इथेच व्हायचं.

तुला खान्देशी म्हणायचं असेल तर सूत कुठलं ते आधी विचार. धुळ्यात यंत्रमाग आहेत, तिथे सुती कापड विणून मिळेल का बघ. नुसता टेलर खान्देशातला आणि कापड भिवंडीचं, याला मी खान्देशी म्हणणार नाही.

अमळनेरचा

कपाशीवाले दादा, प्रताप मिलचं नाव काढलंत. वडील तिथे साच्यावर (मागावर) होते. घरात अजून मिलच्या मांजरपाटाची, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाची, चादर आहे. धुऊन धुऊन इतकी मऊ झालीय की नातवाला तिच्याशिवाय झोप येत नाही. रंग म्हणाल तर मुळातच साईसारखा, बिनरंगाचा.

तापीकन्या, बिनरंगी मांजरपाट हाही एक पेस्टलच धर की! त्याला रंगवायची गरजच नाही.

रावेरची केळी

केळीच्या खोडाचा धागा कोणीच कसा काढला नाही? जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घड काढला की खोड बांधावर कुजतं. त्याचा धागा निघतो, मूळचाच फिकट सोनेरी, चमक असलेला.

तापीकन्या

रावेरची केळी, मी तो धागा हातात घेऊन बघितलाय. चमक खरंच सुंदर. पण ताठ असतो, नुसत्या केळीच्या धाग्याची कुर्ती अंगाला टोचेल. ताणा (उभे धागे) सुती आणि बाण्यात (आडव्या धाग्यांत) मधूनमधून केळीचा धागा असं विणून बघायचं आहे. ते नाही जमलं तर पिशवी, पट्टा, बटणांचे फास यांत वापरीन.

माहेरवाशीण

तुम्ही सगळे कापडावर आहात, मी आखाजीवर येते. निंबाला झोका बांधलेला, गौराई बसलेली, घरात खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. या दिवशी कपडा कसा हवा? उंच झोका घेता आला पाहिजे. अरुंद कुर्ती नको, घेर हवा. ओढणी झोक्याच्या दोरात अडकते, म्हणून ओढणीच नको. आणि खिसा! मोबाइल ठेवायला जागा नसते म्हणून आम्ही बहिणी एकमेकींकडे पाळीने देतो.

आणि आमरस फिक्या कपड्यावर सांडणार म्हणजे सांडणारच.

भुसावळकर

सांडला तर पीच रंग तयार. पँटोनवाल्यांना कळवा :)

सावदेकर वहिनी

भुसावळकर :) पण आमरसाचा डाग लगेच थंड पाण्याखाली धरला तर निघतो. वाळू दिला की गेलं काम.

मुक्ताईनगरी

एक विचारू? मे महिन्यात जळगावच्या रस्त्यावर बघा, प्रत्येक बाई सनकोट आणि स्कार्फमध्ये. आत पीच आहे का पिस्ता, दिसतं कुणाला? कुर्तीपेक्षा सनकोटच सुंदर का करत नाही? बाजारात मिळतो तो गबाळा, बाह्या लांब, मागे टोपी लोंबते, गाडीवर वाऱ्याने फुगतो. आम्ही रोज घालतो तो कपडा कोणी डिझाइनच केलेला नाही!

तापीकन्या

मुक्ताईनगरी, तुम्ही मला माझा मुख्य कपडाच दिलात. फिकट रंगाचा सुती सनकोट: हाताच्या पंजावर येणारी अंगठ्याची फट, पुढच्या दोन कळ्या (कापडाचे पुढचे दोन भाग) एकमेकींवर येणाऱ्या म्हणजे गाडीवर उघडणार नाही, आत मोठा खिसा. खान्देशची बाई मार्च ते जून जे खरोखर घालते ते हेच आहे, आणि आमच्या कुठल्याच ट्रेंडच्या अहवालात ते नाही.

@रंगारी, सनकोट झाडाच्या रंगात टिकेल का?

रंगारी

अवघड आहे. सनकोट दिवसभर उन्हातच असणार. पळस, हळद तर नकोच. निळीचा आकाशी त्यातल्या त्यात टिकतो. नाहीतर अमळनेरच्या दादांचा बिनरंगी मांजरपाट घे. आणखी एक: फिकं आणि विरळ कापड ऊन आरपार सोडतं, कातडी भाजते. सनकोटाचं कापड घट्ट विणीचं घे, मलमल नको. कुर्तीला मलमल, सनकोटाला मांजरपाट.

शिवणताई

सगळं वाचत होते, आता लिहिते. मी पंधरा-सोळा वर्षांची होते तेव्हापासून मशीनवर बसते. तालुक्याच्या गावी माझं दुकान आहे, हाताखाली दोन मुली.

फिकं कापड शिवणं वेगळं काम आहे. मशीनला तेल दिलं की आधी चिंधीवर शिलाई मारून घ्यायची, नाहीतर पहिल्याच टाक्याला काळा ठिपका. निळा-लाल खडू वापरायचा नाही, पांढरा खडू दिसत नाही, म्हणून मी साबणाच्या चिपेने खूण करते, ती धुतल्यावर जाते. आतली शिलाई बाहेरून दिसते, म्हणून ओव्हरलॉक चालत नाही. कडा आत घेऊन बंद शिलाई मारावी लागते, म्हणजे एकच शिवण दोनदा शिवायची. अस्तर लावलं तर उकडतं, नाही लावलं तर अंग दिसतं. छातीपासून कमरेपर्यंतच मलमलीचं अस्तर लावायचं, बाह्या मोकळ्या सोडायच्या. पारदर्शक कपड्याला कातडीच्या रंगाचं अस्तर लावलं तर पांढऱ्यापेक्षा कमी दिसतं, हे कॉलेजात सांगतात की नाही माहीत नाही.

आता पैशाचं. एका मोठ्या शहरातल्या बुटीकने माझ्याकडून फिक्या कुर्त्या शिवून घेतल्या. गळ्याचा नमुना माझा. पैसे द्यायला पाच महिने लावले आणि त्यातही कापून दिले, का तर दोन पिसांवर डाग. डाग त्यांच्या गोदामात पडले होते, माझ्याकडे पाठवतानाचे फोटो आहेत. नंतर तोच गळा त्यांच्या जाहिरातीत, डिझायनर म्हणून दुसऱ्याच बाईचं नाव. म्हणून तापीकन्या, तू मला डिझायनर म्हणालीस ते वाचून बरं वाटलं, पण मला आधी वेळेवर पैसे दे. निम्मे कापड टाकताना, निम्मे माल उचलताना. नाव त्यानंतर.

बिल्लोरी

शिवणताई, प्रत्येक शब्दाला हात जोडते.

फुलेमार्केटवाला

ताई, तुमचं वाचून एक सुचलं. मी माल विकत घेण्याऐवजी विक्रीला ठेवू शकतो, पण मग तुमचे पैसे अडकतात. मधला रस्ता: तापीकन्येच्या कलेक्शनमधले थोडे पीस मी रोखीने घेतो, संपले की पुढचे. आणि फिक्या मालाला मी हात लावू देत नाही, एक पीस पुतळ्यावर आणि बाकी पारदर्शक पिशवीत. बघू, चालतं का.

शहरवासी

सगळे भारावून लिहीत आहेत, मला वेगळं दिसतं. जळगावात आठशे-नऊशेला जॉर्जेटची तयार कुर्ती मिळते, इस्त्री लागत नाही, रंग जात नाही. तुमची अडीच हजारांची मलमल कोण घेणार? रिठ्याने धुवा, सावलीत वाळवा, पावसाचं पाणी आणा. नोकरी करणाऱ्या बाईला एवढा वेळ आहे?

तापीकन्या

शहरवासी, प्रश्न रास्त आहे. हिशेब मांडते. घेरदार कुर्तीला साधारण तीन मीटर मलमल, रंगाई, बंद शिलाईची मजुरी, अस्तर, आणि दुकानदाराचा वाटा. मजुरी नीट द्यायची तर अठराशे-दोन हजारांच्या खाली येत नाही. भरतकाम आलं की वर. म्हणून सगळेच कपडे झाडाच्या रंगात करायचे नाहीत. रोजचा सनकोट बिनरंगी, कुठल्याही साबणाने धुवा. रोजची कुर्ती सुतीच, पण पक्क्या रंगात रंगवलेली, घरच्या मशीनमध्ये धुता येईल अशी. मंजिष्ठाची अबोली फक्त सणाच्या कपड्याला, जो वर्षात मोजक्या वेळा निघतो आणि जो जपून धुवायला कोणाला जड वाटत नाही.

पण नऊशेची कुर्ती स्वस्त का पडते, त्याचं उत्तर शिवणताईंनी वर दिलंय. कोणाची तरी मजुरी त्यात कापलेली असते. ती कापून मला स्वस्त करायचं नाही.

शहरवासी

रोजचा आणि सणाचा असे दोन वेगळे भाग केलेत, ते पटलं. बायकोला सनकोट दाखवतो.

पारोळेकर

पुरुषांसाठी काही आहे का? का आम्ही कायम पांढऱ्या सदऱ्यात?

अमळनेरचा

पारोळेकर, तुम्हाला शेवाळी बंडी. डाळिंब आणि हिराकसाची, मळली तरी कळणार नाही.

तापीकन्या

बंडी नक्की करते. तर आतापर्यंत ठरलं ते असं. आखाजीचा घेरदार झगा, अंग तिसऱ्या पाण्याची अबोली, काठ पहिल्या पाण्याचा विटकरी, दोन्ही बाजूंना खिसे. मलमलीची साडी, आकाशी अंग आणि गर्द निळा काठ, तीही एकाच निळीच्या भांड्यातली. शेवाळी बंडी. मांजरपाटाचा सनकोट. बिल्लोरीच्या तांड्यावर एक कांचळीच्या घाटाचं ब्लाउज, दोरे त्यांच्या पसंतीचे. पिवळा सध्या सोडून देते. बटर यलोचा कितीही बोलबाला असला तरी उन्हात उडणारा रंग मी आखाजीला विकणार नाही. कपाशीवाले दादा, धुळ्याला यंत्रमागावर मांजरपाट मिळतो का ते पुढच्या आठवड्यात स्वतः जाऊन बघते.

पारोळेकर, तुमच्या आईंना झग्याचं चित्र दाखवते. त्यांना पसंत पडलं तरच पुढे जाईन.

पारोळेकर

आई म्हणे, “काठ रुंद ठेव, मंग भारी दिसी.” म्हणजे पसंत.

रंगारी

कापड कापण्याआधी एक परीक्षा कर. प्रत्येक रंगाची वीतभर चिंधी घे, निम्मी पुठ्ठ्याने झाक आणि दक्षिणेकडच्या खिडकीत दोन आठवडे चिकटवून ठेव. झाकलेला आणि उघडा भाग यांत फरक दिसला तर तो रंग बाद. दुसरी चिंधी भुसावळकरांच्या बोअरच्या पाण्यात धू. ते पाणी जो रंग सोसेल तो कुठेही चालेल.

भुसावळकर

कॅन भरून ठेवतो, कधीही या.

शिवणताई

आणि माझ्याकडे आणण्याआधी मलमल दोनदा भिजवून, वाळवून आण. ती आटते, आणि एकदा कापल्यावर माझ्या हातात काही राहत नाही. मांजरपाटही तसाच. मापं घ्यायला आधी कळवून ये, लग्नसराईत माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते.